अकराच्या तासाचा घाम

नागपूरच्या मानेवाडा भागात राहणाऱ्या, ४९ वर्षांच्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. चार वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला, पाठोपाठ बीपी. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ, शिवाय बीपीसाठी टेल्मिसार्टन. वजन ७४ किलो, उंची पाच फूट दोन इंच, शेवटचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ७.९. त्यांच्या सासूबाई दोन वर्षं डायलिसिसवर होत्या, मागच्या वर्षी गेल्या. 'वीस वर्षं गोळ्या खाऊन किडन्या गेल्या' असं घरात सगळेच म्हणतात. जाऊबाई एका शिबिराला जाऊन आल्या, त्यांनी गोळ्या सोडल्या आणि त्यांची साखर नॉर्मल आली. ते पाहून गेल्या २४ दिवसांपासून या ताई सकाळी अनाशापोटी कारल्याचा रस आणि शिबिरातून मिळालेलं चूर्ण घेतात. नाश्ता बंद, पहिलं जेवण दुपारी दीडला. रात्रीची गोळी मनानेच सोडली, सकाळची भीतीपोटी चालू ठेवली. चहात साखरेऐवजी गूळ. त्या लिहितात, "अकराच्या तासाला दरदरून घाम येतो, हात कापतात, फळ्यावर लिहिता लिहिता शब्दच सुचत नाही. शिबिरातले म्हणतात, शरीरातली घाण बाहेर पडतेय, पंधरा दिवस सोसा." एरवी मात्र 'हलकं वाटतंय, त्रास नाही' असंही त्या दोनदा लिहितात. नवऱ्याचा विरोध आहे. डॉक्टरांना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांचा प्रश्न असा: उरलेली गोळीही सोडून पूर्ण नैसर्गिक मार्गाला लागू का? जन्मभर गोळ्या खायच्या नाहीत मला.

ताई,

गोळी सोडायची की नाही यावर बोलूच, पण आधी अकराच्या तासाबद्दल. कारण ते उद्या सकाळी पुन्हा होणार आहे.

तो घाम म्हणजे साखर खाली गेल्याची खूण आहे. तुमच्या गोळीत दोन औषधं आहेत. त्यातलं मेटफॉर्मिन एकटं असेल तर साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतं, मग पोटात अन्न असो की नसो. म्हणूनच ही गोळी नाश्त्याबरोबर घ्यायला सांगतात. तुम्ही गोळी ठेवली आणि नाश्ता काढून टाकला. त्यावर कारल्याचा रस, जो स्वतःही थोडीफार साखर उतरवतो. सकाळी घेतलेली गोळी भरात असते तेव्हा तुम्ही रिकाम्या पोटी, उभ्याने, वर्गभर पोरांना शिकवत असता. घाम आणि थरथर ही शरीराने मारलेली हाक. शब्द न सुचणं मला त्याहून जास्त काळजीचं वाटतं, कारण तिथे मेंदूलाच साखर कमी पडायला लागलेली असते. त्यापुढे भोवळ, आकडी, बेशुद्धी. हे वर्गात न होता शाळेतून येताना मानेवाडा रिंग रोडवर स्कूटीवर झालं तर काय, याचा विचार करा.

तेव्हा हे पत्र वाचून झालं की लगेच डॉक्टरांना फोन करा आणि एवढंच सांगा: "मी ग्लिमेपिराइडची गोळी नाश्त्याशिवाय घेतेय, अकरा वाजता घाम येऊन हात कापतात, रात्रीची गोळी मी स्वतःच बंद केली आहे, आणि कारल्याचा रस व एक चूर्ण चालू आहे." या वाक्यानंतर कोणताही डॉक्टर ऐकून घेतो. बोलणं होईपर्यंत रस आणि चूर्ण बंद, नाश्ता सुरू. ग्लुकोमीटर विकत आणा. घाम आला की बोट टोचून बघा. ७० च्या खाली आकडा असेल तर तीन लहान चमचे साखर अर्धा ग्लास पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, वर आला की काहीतरी खा. मशीन जवळ नसेल तरी साखरेचं पाणी आधी, शंका नंतर. पेढा किंवा संत्रा बर्फी नको. त्यातल्या तुपा-खव्यामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो.

ज्यांच्या चिठ्ठीवर ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही आहे किंवा जे इन्सुलिन घेतात, त्या सगळ्यांसाठीच हे आहे. खाण्यात मोठा बदल करायचा असेल तर औषधाचा डोस त्याच दिवशी बदलावा लागतो, आणि तो डॉक्टरांनी बदलावा लागतो. गंमत पाहा, तुमची ही गोळी कमी होण्याची शक्यता बरीच आहे. तुम्ही सोडलीत म्हणून नव्हे, तर खाणं बदलल्यावर तिची गरज घटते म्हणून.

आता सासूबाई. तुमच्या पत्रातला सगळ्यात जड भाग तोच आहे. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला नेणं, चार-चार तास बाहेर बाकावर बसणं, हे ज्या घराने केलंय त्या घरात गोळीच्या पाकिटाकडे बघितलं तरी पोटात गोळा येणार. 'गोळ्यांनी किडनी गेली' हे वाक्य त्या दुःखातून आलंय. पण ते तपासून बघू या. वीस वर्षांत गोळ्या वाढत गेल्या, किडनी उतरत गेली, दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यासमोर घडल्या. गोळ्या कशामुळे वाढल्या? साखर आवरत नव्हती म्हणून. आणि तीच न आवरलेली साखर, जोडीला बीपी, किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या पोखरत होती. मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. किडनी फार कमजोर झाली की ते शरीरात साचू नये म्हणून डॉक्टर ते थांबवतात, आणि घरच्यांना वाटतं की औषध वाईट होतं म्हणूनच बंद केलं. तुमची टेल्मिसार्टन तर ज्या गटातली आहे त्या गटातली औषधं लघवीतून प्रथिनं जायला लागलेल्या मधुमेहींना किडनी सांभाळण्यासाठीच देतात. ब्रिटनमध्ये हजारो नव्या मधुमेहींवर वर्षानुवर्षं झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले: साखर सुरुवातीपासून नीट ठेवली तर डोळे, किडनी अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका साधारण पाव हिश्श्याने कमी होतो. किडनीला खरोखर इजा करणाऱ्या गोळ्या वेगळ्याच, त्या आपण मेडिकल स्टोअरमधून चिठ्ठीशिवाय आणतो आणि गुडघे दुखले की महिनोन् महिने गिळतो. सासूबाई घेत होत्या का तशा?

घरात त्यांची जुनी फाईल असेल. 'युरिन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो' नावाची तपासणी त्यात किती वेळा झालेली दिसते ते बघा. किडनीची इजा सगळ्यात आधी तिथे दिसते, रक्तातलं क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी. मग तुमची स्वतःची शेवटची कधी झाली ते बघा. तुम्हाला भीती किडनीची आहे ना, मग ही तपासणी दर वर्षी व्हायलाच हवी.

जन्मभर गोळ्या नकोत, ही तुमची इच्छा मला अजिबात वावगी वाटत नाही. ती वेडेपणाचीही नाही. २०१७ साली ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या अभ्यासाचे पहिल्या वर्षाचे निकाल आले. त्यातल्या सगळ्यांना टाइप २ मधुमेह होऊन सहा वर्षांहून कमी काळ झाला होता, इन्सुलिन कुणालाच नव्हतं. निम्म्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरीच दिल्या, मग हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणलं. वर्षाअखेरीस या गटातल्या १०० पैकी ४६ जणांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण १०० पैकी ८६. यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी उतरली की इन्सुलिनचं काम पुन्हा सुरळीत होऊ शकतं, हे त्यामागचं कारण.

तुम्हाला चार वर्षं झालीत, इन्सुलिन नाही, वजन कमी करायला जागा आहे. म्हणजे तुमच्यासाठी दार उघडं आहे. पण त्या अभ्यासात काय काय होतं तेही बघा. गोळ्या पहिल्या दिवशी थांबवल्या होत्या, पण डॉक्टरांनी, साखर आणि बीपी मोजत मोजत, आणि गरज पडली की परत सुरू करायच्या असं ठरवून. कारलं नव्हतं, चूर्ण नव्हतं. काम केलं ते वजन उतरण्याने. आणि दुसऱ्या वर्षाअखेरीस ४६ चे ३६ झाले, कारण वजन परत चढलं की साखरही परत येते. म्हणून याला बरं होणं न म्हणता माघार म्हणायचं. गोळ्या बंद झाल्यावरही तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिलं तर साखरेने माघार घेतली असं धरतात, आणि वर्षाला तपासण्या चालूच राहतात. तुमच्या जाऊबाईंची साखर उतरली, मला त्याचा आनंद आहे. त्यांचं वजन किती उतरलं आणि त्यांच्या कोणत्या गोळ्या होत्या, एवढं विचारून बघा. उत्तर बहुतेक वजनातच सापडेल.

शिबिराचा मार्ग तो निसर्गाचा आणि डॉक्टरांचा तो रसायनाचा, अशी वाटणी तुमच्या पत्रात पानोपानी आहे. मेटफॉर्मिनचं मूळ युरोपातल्या एका रानवनस्पतीत आहे. गॅलेगा ऑफिसिनालिस तिचं नाव, मध्ययुगापासून तिथले वैद्य ती वापरत. तिच्यातल्या द्रव्याशी नातं असलेलं मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ साली फ्रान्समध्ये मधुमेहासाठी वापरात आलं. मधल्या काळात लोकांनी काय केलं? किती द्यायचं, कुणाला द्यायचं नाही, जास्त झालं तर काय होतं, हे शोधलं. दीर्घकाळ घेतल्यावर बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं हेही त्यातूनच कळलं, म्हणून तेही अधूनमधून तपासा.

तुमच्या चूर्णाबद्दल नेमका हाच प्रश्न आहे. पाकिटावर घटक लिहिलेत का? बॅच नंबर, तयार करणाऱ्याचा परवाना? जांभूळ बी, मेथी, कारलं यांत साखरेवर परिणाम करणारी द्रव्यं आहेत, मी ते नाकारत नाही. मेथीतल्या चिकट तंतूंमुळे साखर हळू शोषली जाते, घरात भिजवलेली मेथी खायला माझी काहीच हरकत नाही. पण निनावी चूर्णात काय आहे हे तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. साखरेवरच्या 'वनौषधी' म्हणून विकलेल्या पुड्यांत ॲलोपॅथीची साखरेची औषधं मिसळलेली आढळली आहेत. अमेरिकेत २००४ साली दुकानातून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शिसं आणि पारा किडनीला काय करतात ते वेगळं सांगायला नको. आणि एक. 'मधुमेह बरा करतो' अशी औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. जो माणूस सरळ हेच छापतो, त्याच्या बाकीच्या शब्दाला किती किंमत द्यायची?

आयुर्वेदावर श्रद्धा असेल तर पदवी घेतलेल्या वैद्याकडे जा. सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथे केसपेपर निघतो, तुमच्या चालू गोळ्या लिहून घेतल्या जातात. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा. मनाने काढे करू नका. ज्येष्ठमधाने बीपी चढतं, तुम्हाला बीपी आहे. गुळवेलाच्या काढ्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत. दुधीचा रस जरा जरी कडू लागला तरी ओतून द्यायचा, तो विषारी असतो, जीवही गेले आहेत. नारळपाणी आणि 'लो सोडियम' मीठ साधं वाटतं, पण त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टननेही ते वाढतं. किडनी थोडी जरी कमजोर असली तर विचारल्याशिवाय नको.

आता स्वयंपाकघर, कारण तुमचं खरं औषध मला तिथे दिसतं.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी एक गोष्ट घेऊन यायला सांगते: घरात भात वाढायची वाटी. 'एकच वाटी भात खातो हो' म्हणणाऱ्या एका काकांनी मागच्या उन्हाळ्यात पिशवीतून वाटी काढली. ती स्टीलची, काठाला दुमडलेली, वरणाची मोठी वाटी होती. मी टेबलावरच्या मापाने तांदूळ भरून बघितले. दोन मापं गेली आणि वर शीग. काका खोटं बोलत नव्हते. त्यांच्या घरी तिला वाटीच म्हणत. तुम्हीही रविवारी हे करा, चिडचिड न होता. तेलाचं पण मोजा. पाच लिटरचा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनने तारीख घाला. चौघांत महिन्यात संपला तर माणशी रोज ४० मिलीलिटरच्या वर तेल गेलं. मला ते २० ते २५ च्या आसपास हवंय. आपल्याकडे तर्री वर तरंगल्याशिवाय रस्सा झाल्यासारखं वाटत नाही हे मला माहीत आहे, मीही इथलीच. सावजीला महिन्यातून एकदा जा आणि वरचं तेल चमच्याने काढून बाजूला ठेवा.

गुळाचं आधी मिटवू. गूळही बहुतांशी साखरच. थोडे क्षार असतात, पण चहातल्या एक-दोन चमच्यांतून मिळणारे क्षार नगण्य. अर्धा चमचा साखर घालून समाधान होत असेल तर तसं करा, 'गूळ आहे' म्हणून दोन चमचे नको. ज्वारीची भाकरी चांगली, पण तिच्यातही पिष्ट पोळीइतकंच, धान्याच्या जवळपास दोन तृतीयांश. पोळी सोडून तीन भाकरी खाल्ल्याने साखर उतरत नाही, हे मला दर आठवड्याला कुणाला तरी सांगावं लागतं.

ताटाचं माप असं ठेवा की अर्धं ताट भाज्यांनी भरेल, पाव भागात डाळ, उसळ किंवा अंडं, आणि उरलेल्या पावात पोळी-भाकरी किंवा भात, दोन्ही एका वेळी नको. २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने काढलेल्या मार्गदर्शिकेतही दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत, आणि एकूण ऊर्जेतला धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत ठेवायला. आपल्या घरात साधारण ५० ते ७० टक्के धान्यच असतं, भाजी तोंडी लावायला. यासाठी परदेशी काही आणायची गरज नाही. विदर्भाची डाळभाजी घ्या: पालक, आंबट चुका, तुरीची आणि हरभऱ्याची डाळ, मूठभर शेंगदाणे, वरून सांबार म्हणजे कोथिंबीर. डाळीपेक्षा पालेभाजी दुप्पट टाका आणि ती दोन वाट्या घ्या, एका पोळीबरोबर. थंडीत मेथीचा घोळाणा (कच्च्या मेथीची कोशिंबीर) ताटाच्या सुरुवातीलाच खा. भाजी आणि डाळ आधी, पोळी शेवटी, एवढ्या क्रमाच्या बदलानेही जेवणानंतरची साखर कमी चढते. जवसाची चटणी रोज एक चमचा. पावसाळ्यात बुधवारी बाजारात तरोट्याची भाजी येते, कुणी लक्ष देत नाही, ती आणा. संत्रं एक, सोलून, फोडी चावून. रस नको, कारण ग्लासभर रसाला तीन-चार संत्री लागतात आणि चोथा मागे राहतो.

नाश्त्याला तर्री पोहे सोडायला मी सांगणार नाही. प्रमाण उलटं करा. पोहे मूठभर, त्यावर उकडलेले हरभरे वाटीभर, तर्री जेमतेम, कांदा-टमाटर भरपूर. तुमच्या आवडीच्या ताटातला सगळ्यात कामाचा घटक तो चणा आहे आणि आपण त्यालाच चार दाण्यांवर ठेवतो. पापड, लोणचं, चिवडा, शेव यांच्याकडे बीपीमुळे बघा. दिवसभराचं सगळं मीठ मिळून एक लहान चमचा, पाच ग्रॅम, एवढीच मर्यादा आहे.

दोन वेळा जेवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण शिबिराचा नाश्ताबंदीचा नियम तिकडूनच आलेला दिसतो. आपल्या नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी सांगितलेला आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोचवलेला तो मार्ग आहे. त्याने वजन उतरलेले अनेक लोक मी बघितले आहेत. तुम्हाला तो रुचत असेल तर करता येईल, पण ग्लिमेपिराइड चालू असताना आजिबात नाही, आणि नागपूरच्या मे महिन्यात तर पाणी-ताकाचं नियोजन केल्याशिवाय नाही. नवतप्याच्या कडक उन्हात जुलाब-उलट्या झाल्या तर मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन तात्पुरतं थांबवायचं का, हेही डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

चालणं जेवणाला जोडा. प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं, गच्चीवर किंवा गल्लीत. पहाटे अंबाझरीला फिरायला जाणं होत नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

'हलकं वाटतंय, त्रास नाही' असं तुम्ही दोनदा लिहिलंय. माझ्या वडिलांचंही हेच वाक्य होतं. त्यांनी कडुनिंबाचा रस सुरू करून आठ महिने गोळ्या बंद ठेवल्या होत्या, आम्हाला न सांगता. एका मे महिन्याच्या दुपारी ते देवळातून अनवाणी परत आले, पाय धुतले, जेवले, झोपले. संध्याकाळी आईला चादरीवर ओलं लागलं. दोन्ही तळव्यांना फोड येऊन फुटले होते. फरशी इतकी तापलेली असूनही त्यांना चटका कळलाच नव्हता. मज्जातंतू आधीच बधिर झाले होते, आणि ते म्हणत होते, मला काही त्रास नाही. एक बोट काढावं लागलं. तेव्हापासून कुणी 'बरं वाटतंय' म्हटलं की मी आकडा विचारते. सकाळची उपाशीपोटी ८० ते १३० मध्ये आहे का, जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी १८० च्या आत आहे का. आठवड्यातून दोन दिवस वेगवेगळ्या जेवणाआधी आणि नंतर मोजा, वहीत लिहा. कोणत्या ताटाने साखर कुठे नेली हे तुम्हाला महिन्याभरात माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

एचबीए१सीबद्दल विदर्भातल्या लोकांनी एक लक्षात ठेवावं. ती तपासणी तांबड्या पेशींवरून तीन महिन्यांची सरासरी सांगते. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे, आणि तो असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो, अनेकदा खऱ्यापेक्षा कमी. लोह कमी असेल तर उलट जास्त दाखवतो. तुमची सिकलसेलची चाचणी झाली नसेल तर करून घ्या. लागलंच तर डॉक्टर फ्रुक्टोसामाइन तपासतील, ती तांबड्या पेशींवर न अवलंबणारी साखरेची तपासणी आहे.

डॉक्टरांकडे जाताना वही न्या, चूर्णाचं पाकीट न्या, मिस्टरांना न्या. 'गोळ्या सोडू का' असं विचारलंत की उत्तर नाहीच येणार. असं म्हणा: "मला सहा महिन्यांत आठ ते दहा किलो वजन उतरवायचं आहे. त्या काळात कोणती गोळी आधी कमी करायची आणि मी किती दिवसांनी दाखवायला येऊ?" तरीही ते ऐकून घेत नसतील तर दुसरे डॉक्टर बघा. नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत, म्हणजे मेडिकलमध्ये, मेयोमध्ये, मिहानच्या एम्समध्ये बाह्यरुग्ण विभाग आहेत.

वाचणाऱ्या बाकीच्यांपैकी काहींना हा मार्ग लागू नाही. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन एक दिवसही थांबवायचं नसतं, कुणीही काहीही सांगो. गरोदर बाई, किडनीचा आजार असलेले, आणि मुळातच बारीक असलेले मधुमेही यांनी वजन उतरवण्याच्या मागे लागू नये. आपल्याकडे बारीक मधुमेही पुष्कळ आहेत, त्यांचं गणित निराळं असतं.

जाऊबाईंशी वाद घालू नका. त्यांना ग्लुकोमीटर वापरायला द्या, तुमच्याबरोबर युरिनची तपासणी करायला न्या. त्यांनाही सासूबाईंचं तेच दुःख आहे.

आणि उद्या शाळेत जाताना डबीत साखर घेऊन जा. स्टाफरूममध्ये तुमच्या शेजारी बसतात त्या बाईंना सांगून ठेवा की मी घामाघूम झाले किंवा काही असंबद्ध बोलायला लागले तर आधी साखरपाणी द्या, मग घरी फोन करा. शुद्ध नसेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. तीन महिन्यांनी वहीतले आकडे मला कळवा, वजन उतरलं नसलं तरी कळवा.